पाणी अडवणे आणि पाणी वाटणे

महाराष्ट्रात हवामानबदल जाणवतो तो मुख्यतः पाण्यातून. उन्हाळे तापले, रात्री उबदार झाल्या, हेही खरे आहे. पण शेतकऱ्याचे वर्ष साधते किंवा बिघडते ते पाऊस कधी, किती आणि कसा पडला यावर. राज्याची घडणच अशी आहे की पावसातला थोडा फरकही पुढे मोठा होतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तिथून सरळ पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत, माणच्या पर्जन्यछायेत, तो पाचशेच्या घरात येतो. राज्याचा चार पंचमांश भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. हा बेसाल्ट पाणी फारसे धरत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमाच्या, झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. गंगेच्या गाळाच्या मैदानासारखा शेकडो फूट जाडीचा ओला थर इथे नाही. म्हणून इथली विहीर लवकर भरते, लवकर आटते, आणि शेजाऱ्याने खोल बोअर घेतले की आणखी लवकर आटते. लागवडीखालची बहुतेक जमीन आजही कोरडवाहू आहे.

या जमिनीवर पडणारा पाऊस आता पूर्वीच्या चालीने पडत नाही. देशाचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने संपादित केलेल्या राष्ट्रीय अहवालात नोंदले आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते, आणि अरबी समुद्रही तापतो आहे. याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्याच काळात मोसमी पावसाची एकूण बेरीज वाढलेली नाही; उलट घटण्याकडे कल दिसतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की तेवढाच पाऊस कमी दिवसांत पडतो आणि मधले खंड लांबतात. पेरणी झाल्यावर तीन आठवडे पाऊस नाही आणि मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस, हा अनुभव मराठवाड्यात आता नवा राहिलेला नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने काढणीला आलेला गहू, हरभरा आणि द्राक्षबागा झोडपल्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर आणि सांगली पाण्याखाली होते.

या बदलाला समाज कसा सामोरा गेला, हा या विषयाचा गाभा आहे. सोयीसाठी या प्रतिसादाचे दोन भाग करता येतात. पाणी अडवणे, साठवणे, उपसणे किंवा पुरवून वापरणे यासाठीची साधने हा पहिला. धरण, बंधारा, पंप, बोअर, ठिबक, शेततळे, जेसीबी, सौरपंप ही त्यातली ठळक नावे. मिळालेले पाणी कोणाला, किती, कोणत्या पिकासाठी आणि कोणत्या क्रमाने द्यायचे याच्या रीती हा दुसरा. पहिल्या प्रकारातले नवे काही निघाले की ते पाच-दहा वर्षांत राज्यभर पोहोचते, त्याला अनुदान मिळते, त्याचे फलक लागतात. दुसऱ्या प्रकारातले प्रयोग एखाद्या गावात किंवा एखाद्या कालव्यावर यशस्वी होतात आणि बहुधा तिथेच राहतात. महाराष्ट्राने दोन्ही प्रकारांत अस्सल कल्पकता दाखवली आहे, पण तिचा प्रसार फार विषम झाला आहे. हवामानबदलाने जी अनिश्चितता वाढवली तिच्याशी खरी गाठ दुसऱ्या प्रकाराची आहे, आणि नेमका तोच दुबळा राहिला आहे.

हे आजचे नाही. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगरमाथ्यावरचे पाणी आणि माती वाहून जाऊ नये म्हणून ताली घालाव्यात, बंधारे बांधावेत आणि रिकाम्या काळात सरकारने आपले शिपाई व पोलीस त्या कामाला लावावेत, अशी सूचना आहे. ज्याला पुढे ‘माथा ते पायथा’ म्हटले गेले त्याचा गाभा त्यात सापडतो. त्यानंतर वीसेक वर्षांनी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्यात असताना त्यांनी दोन गोष्टी केल्या. खडकवासल्याच्या जुन्या धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवून त्यांनी भिंत न वाढवता साठा वाढवला. नीरा कालव्यावर त्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत आणली. कालव्याखालच्या जमिनीचे ठरावीक गट पाडायचे आणि प्रत्येक गटात पिकांची फेरपालट बांधून द्यायची, म्हणजे पाणी मोजक्या ऊसमळ्यांत न मुरता अधिक गावांना मिळेल आणि जमीन चिबडणार नाही. दरवाजांची गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून सगळ्यांना ठाऊक आहे. ब्लॉक पद्धत सिंचनाच्या अभ्यासकांखेरीज कोणाच्या लक्षात नाही. एकाच अभियंत्याच्या दोन कामांना मिळालेली ही वेगवेगळी कीर्ती पुढच्या शंभर वर्षांचा कल सांगून जाते.

वाटपाची परंपरा मात्र त्याहून जुनी आहे. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवरची फड पद्धत तीनशे वर्षांपेक्षा जास्त काळ चालत आली. नदीवर छोटा बंधारा घालून पाट काढायचा आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड करायचे. एका फडात एका वर्षी एकच पीक. एकात ऊस असेल तर दुसऱ्यात बारमाही नसलेले पीक, तिसऱ्यात भुसार, आणि दरवर्षी ते फिरत राहायचे. यातली खुबी जमिनीच्या विखुरलेपणात होती. बहुतेक शेतकऱ्यांच्या पट्ट्या प्रत्येक फडात थोड्या थोड्या असत. पाणी कमी पडले तर एखादा फड पूर्ण कोरडा ठेवला जाई, आणि तो तोटा एकट्यादुकट्याच्या गळ्यात न पडता सगळ्यांच्या वाट्याला येई. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार अशी माणसे गावाने नेमलेली असत आणि त्यांचा मोबदला पिकातून दिला जाई. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात पाणी घ्यायचे नाही, ते पाटकऱ्यानेच द्यायचे, हा नियम आजच्या कोणत्याही पाणीवापर संस्थेला हेवा वाटावा असा आहे. वरच्या बाजूला मोठी धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, रोख पिकांची ओढ वाढली आणि ही घडी बहुतेक ठिकाणी विस्कटली. तिचे गोडवे गाताना एवढे ध्यानात ठेवले पाहिजे की पाटाखाली ज्यांची जमीनच नव्हती, त्यांना या पद्धतीत पाण्याचा वाटा नव्हता.

पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या माजी मालगुजारी तलावांचे असेच झाले. कोहळी समाजाच्या जाणकारांनी उतार ओळखून बांधलेले हे हजारो तलाव भात पिकवीत, मासे देत आणि विहिरी जिवंत ठेवीत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. सरंजामी हक्क जाणे न्याय्यच होते. पण त्या हक्काबरोबर देखभालीची जबाबदारी कोणाकडे जाणार याचा विचार झाला नाही. गाळ साठत गेला, पाळी फुटत गेल्या.

१९७२ चा दुष्काळ हा या इतिहासातला मोठा वळणबिंदू आहे. दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या जवळ गेली. त्यातून दोन वेगळ्या कल्पना वर आल्या. एक होती रोजगार हमीची. वि. स. पागे यांनी तिचा छोटा प्रयोग १९६५ मध्येच सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात केला होता. दुष्काळात तिला राज्यव्यापी रूप आले आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हे या कायद्याने हक्क म्हणून मान्य केले, आणि त्यासाठी शहरांतल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. मुंबईच्या कचेरीतल्या माणसाच्या पगारातून माणदेशातल्या बांधबंदिस्तीची मजुरी निघावी, ही तजवीज म्हणजे यंत्राविना केलेला एक शोधच आहे. हवामानाच्या आपत्तीत तोटा कोणी सोसायचा, या आज जगभर चर्चिल्या जाणाऱ्या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राने त्या वेळी कायद्यात लिहिले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याला याच अनुभवाचा पाया होता.

दुसरी कल्पना पुण्याचे उद्योजक-अभियंता विलासराव साळुंखे यांची. दुष्काळात पुरंदर तालुक्यात शेतकरी खडी फोडताना पाहून, ही मजुरी पाणी अडवण्याच्या कामी का येत नाही, असा प्रश्न त्यांना पडला. नायगावला देवस्थानची सोळा हेक्टर पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेऊन त्यांनी समतल बांध, पाझर तलाव, विहीर आणि उपसा अशी साखळी उभी केली. ही सगळी साधने तेव्हाही माहितीची होती. नवे होते ते ‘पाणी पंचायती’चे नियम. पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने न ठरता घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरायचा: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकला जात नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी भरायचा. आणि भूमिहीनांनाही पाण्यात वाटा. शेवटची अट सर्वांत धाडसी होती, कारण तिने पाण्याला जमिनीच्या मालकीपासून वेगळे काढले. फड पद्धतीतली उणीव इथे भरून निघाली. पुरंदरच्या अनेक गावांत अशा योजना झाल्या, त्यांवर पुस्तके आणि प्रबंध लिहिले गेले. राज्याच्या सिंचन धोरणाने मात्र ही तत्त्वे कधी आपलीशी केली नाहीत, आणि त्याचे कारण शोधायला उसाच्या फडापलीकडे फार लांब जावे लागत नाही.

दक्षिण महाराष्ट्रात भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दलाच्या चळवळीने हाच धागा पुढे नेला. येरळा नदीच्या वाळूची ठेकेदारी थांबवून, गावानेच थोडी वाळू विकून त्या पैशातून बळीराजा स्मृती धरण बांधले आणि पाणी सर्व कुटुंबांना समान देण्याचा आग्रह धरला. के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्यांनी त्याला तांत्रिक बळ दिले.

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही गावे या विषयावरच्या प्रत्येक लेखनात येतात. त्यामुळे इथे फक्त दुसऱ्याविषयी, तेही थोडक्यात. हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात समतल चर, वनीकरण, पाझर बंधारे ही कामे झाली, तशी ती शेकडो गावांत झाली आहेत. या गावाचे वेगळेपण निर्बंधांत आहे. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची. पावसाळा संपला की पडलेल्या पावसाचा हिशेब ग्रामसभेत मांडला जातो. माणसे आणि जनावरे यांचे पिण्याचे पाणी आधी वेगळे काढून उरलेल्यावर रब्बीचे पीक ठरते. पाऊस कमी झाला तर गव्हाचे क्षेत्र कमी होते. पाऊस कसाही पडो, गावाचा निर्णय त्यावर बेतलेला असतो. हवामानशास्त्रज्ञ ज्याला अनुकूलन म्हणतात ते याहून फारसे वेगळे नाही. दुसरीकडे हेही खरे की असे निर्बंध पाळायला लागणारा धाक आणि विश्वास एका मोठ्या नेतृत्वाभोवती जमतो, आणि त्यात असहमत असणाऱ्यांचा आवाज किती उरतो याची चौकशी कौतुकाच्या लेखांत क्वचितच होते.

१९८० च्या दशकापासून साधनांचा वेग वाढला. जळगावच्या भवरलाल जैन यांच्या उद्योगाने ठिबक सिंचन भारतीय शेतकऱ्याच्या आवाक्यात आणले. केळी आणि द्राक्षाच्या बागांत त्याने पाण्याचा वापर निश्चित घटवला. पण बागाईतदाराच्या हिशेबात वाचलेले पाणी म्हणजे आणखी दोन एकर भिजवण्याची सोय. एका शेताचे पाणी वाचले तरी पाणलोटातला एकूण उपसा त्या प्रमाणात कमी होत नाही. अर्थशास्त्रात कार्यक्षमतेचा हा उलटा परिणाम कोळशाच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकातच नोंदला गेला होता. बोअरचे यंत्र आले तेव्हा लातूर-उस्मानाबादकडे लोक हजार फुटांपर्यंत गेले. काळ्या पाषाणातले भूजल हा सामाईक माठ आहे, आणि प्रत्येक बोअर म्हणजे त्याला कोणीतरी आपल्यापुरती बसवलेली तोटी.

शेततळ्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. पावसाचे वाहून जाणारे पाणी शेताच्या कोपऱ्यात धरावे आणि खंड पडला की पिकाला संरक्षित पाण्याच्या एक-दोन पाळ्या द्याव्यात, ही मूळ कल्पना. कोरडवाहू शेतीसाठी ती उत्तम आहे. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये आली. अनेक ठिकाणी प्रत्यक्षात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली मोठी तळी झाली आणि ती पावसाने न भरता विहीर-बोअरच्या पाण्याने भरली जाऊ लागली. म्हणजे जमिनीखालचे सामाईक पाणी वर काढून खासगी साठ्यात टाकायचे आणि उन्हात त्याचे बाष्पीभवन होऊ द्यायचे. साधन तेच, कल्पना नेमकी उलटी. डाळिंब-द्राक्षाच्या बागाईतदाराला उन्हाळ्यात तग धरायला ते उपयोगी पडते, यात शंका नाही. ज्याच्याकडे तळे खोदायला जागा आणि भांडवल नाही, त्या शेजाऱ्याच्या विहिरीला त्याची किंमत मोजावी लागते.

सरकारी पातळीवर २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. दरवर्षी पाच हजार गावे टंचाईमुक्त करण्याचे उद्दिष्ट होते. नाला खोलीकरण आणि रुंदीकरणावर त्याचा मोठा भर राहिला. त्यामागे धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकर यांनी केलेल्या कामाची प्रेरणा होती. शिरपूरला गाळाचा जाड थर आहे. तिथे खोल गेल्याने जे साधते ते कठीण पाषाणाच्या शिवारात साधेलच असे नाही, हा भूशास्त्रज्ञांचा आक्षेप होता. माथ्यावरची माती अडवण्याआधी पायथ्याचा ओढा खोदला तर तो गाळानेच भरतो, हाही. २०२० मध्ये महालेखापालांच्या अहवालाने नऊ हजार सहाशे कोटी रुपयांहून अधिक खर्च होऊनही भूजल पातळीवर फारसा परिणाम झाला नसल्याचा ठपका ठेवला. पुढे अभियानाचा दुसरा टप्पाही सुरू झाला. जेसीबीचे काम आठवड्यात दिसते, मोजता येते, त्याचे छायाचित्र निघते. पीकपद्धतीबद्दल गावात बोलणी करायला वर्षे लागतात आणि त्याचे देयक कोणत्या शीर्षाखाली काढायचे हे कोणत्याच कार्यालयाला ठाऊक नसते.

याच सुमारास आमिर खान आणि किरण राव यांनी स्थापलेल्या पाणी फाउंडेशनने वेगळी वाट धरली. २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांतल्या ११६ गावांत ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ ही स्पर्धा झाली. पहिला क्रमांक सातारा जिल्ह्यातल्या वेळूला मिळाला. पुढच्या तीन वर्षांत ती पंच्याहत्तरच्या आसपास तालुक्यांपर्यंत गेली. आधी प्रशिक्षण, मग भर उन्हाळ्यात श्रमदान, मग गुण. या उपक्रमातली कल्पकता पाणलोट विकासात नव्हती, ती मांडणीत होती. ए-आकाराच्या चौकटीने समपातळी काढणे, चर कुठे खणायचा, वाफसा म्हणजे काय, हे चित्रफितींतून, खेळांतून आणि नकलांतून शिकवले गेले. कोरड्या तांत्रिक पुस्तिकांना जे जमले नव्हते ते सिनेमाच्या भाषेने केले. शहरातली माणसे एक मेला कुदळ घेऊन गावात गेली. टीकाकारांनी विचारले की ज्याला जमीन नाही त्याने कोणासाठी घाम गाळायचा, आणि स्पर्धा संपल्यावर पाणी कोण मोजणार. दुसऱ्या प्रश्नाचा रोख संस्थेनेही ओळखला असावा. २०१९ नंतर तिचे काम पीक, गवत आणि शेतकरी गटांकडे वळले.

कल्पकतेचा उल्लेख निघाला की साहित्याकडे वळावे लागते. अमिताव घोष यांनी २०१६ च्या ‘द ग्रेट डिरेंजमेंट’मध्ये गंभीर कादंबरीने हवामानाच्या संकटाकडे पाठ फिरवल्याची तक्रार केली. मराठी ग्रामीण साहित्याला ती जशीच्या तशी लागू होत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त अखेर दुष्काळच गाव उठवतो. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये कोरडवाहू शेतीत अडकलेल्या शिकलेल्या तरुणाची घुसमट आहे. ना. धों. महानोर यांनी तर कवितेत पाऊस लिहिला, स्वतःच्या शेतात पाणी अडवले आणि विधान परिषदेत त्याबद्दल बोलले. तरीही मराठी साहित्यातला दुष्काळ बहुधा निसर्गाचा कोप किंवा व्यवस्थेचा अन्याय या दोन रूपांत येतो. वातावरणच माणसाच्या हातून बदलले आहे, आजोबांचे नक्षत्रांचे आडाखे नातवाला उपयोगी नाहीत, हा तिसरा अनुभव अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही.

आडाख्यांची जागा कोणी घेतली, हा समाजशास्त्राच्या दृष्टीने मनोरंजक भाग आहे. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पातून २०१७ पासून दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. हवामान खात्याचा पाच दिवसांचा कृषी सल्ला मोबाइलवर येतो. तरीही लाखो शेतकरी पेरणीचा निर्णय घेताना मराठवाड्यातल्या एका खासगी अंदाजकाराचे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे भाकीत ऐकतात. खाते शक्यतेच्या भाषेत बोलते, जिल्ह्याबद्दल बोलते. तो तारीख सांगतो, आणि शेतकऱ्याच्या बोलीत सांगतो. विज्ञानाच्या बाजूने पाहिले तर शक्यतेची भाषाच प्रामाणिक आहे. पण उधारीवर बियाणे आणलेल्या माणसाला ‘तुरळक ठिकाणी मध्यम पावसाची शक्यता’ या वाक्यावर निर्णय घेता येत नाही. केंद्रांच्या आकड्यांवर पीकविम्याची भरपाईही अवलंबून असते, आणि एका मंडळात अनेक गावे असतात. गार एका शिवारात पडते, यंत्र दुसऱ्या शिवारात असते.

आकड्यांचा अधिक चांगला उपयोग नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात झाला. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईत मिलिंद सोहोनी यांच्या गटाने गावपातळीवरचा पाण्याचा ताळेबंद काढण्याची पद्धत तयार केली: पाऊस, माती, उतार आणि पीक यांवरून कोणत्या भागात किती पाणी कमी पडते ते सांगणारी. हिवरे बाजारचा ग्रामसभेतला हिशेब संगणकावर हजारो गावांसाठी मांडता येतो, हे यातून सिद्ध झाले. हिशेब मांडून झाल्यावर त्याप्रमाणे वागायचे की नाही, हे मात्र संगणक ठरवीत नाही. बारामतीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने उसाचे पाणी आणि खत बेतण्याचे प्रयोग चालू आहेत आणि त्यांचे निष्कर्ष आशादायक सांगितले जातात. राज्याच्या पिकाखालच्या क्षेत्राचा जेमतेम चार-पाच टक्के भाग व्यापून सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून मोठा वाटा घेणाऱ्या पिकावर आधी ही बुद्धिमत्ता खर्च व्हावी, यातही एक सामाजिक निवड आहे.

उलट दिशेचा एक प्रयोग मराठवाड्यातल्या बायकांनी केला. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साथीने त्यांनी घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर स्वतःच्या निर्णयासाठी मागून घेतला आणि त्यात सोयाबीन-उसाऐवजी ज्वारी, डाळी, भाजीपाला, तेलबिया मिसळून घेतल्या. कमी पाणी, घरचे खत, घरचे बी. यात विकत घ्यावे लागणारे तंत्र जवळजवळ नाही. जे मिळवावे लागले ते नवऱ्याकडून आणि सासऱ्याकडून, आणि ते सोपे नव्हते. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांची गावठी बियाण्यांची बँक याच जातीची: पावसाच्या लहरी सोसणारे वाण टिकवणे हेही एक साठवणच आहे.

कायद्याने काय दिले? २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आणि पाणीवापर संस्था यांचे दोन कायदे झाले. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या संस्थांनी संपूर्ण कालव्याचे व्यवस्थापन हाती घेऊन शेपटाकडच्या शेतालाही मोजून पाणी पोहोचवता येते हे दाखवले. नियमन कायद्यातल्या समन्यायी वाटपाच्या तरतुदीमुळे तुटीच्या वर्षी नगर-नाशिकच्या धरणांतून मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला पाणी सोडण्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. तो वाद कडवट आहे, पण वरच्या आणि खालच्या खोऱ्यांचे हक्क एका आकड्यात बसवण्याचा हा देशातला दुर्मीळ प्रयत्न आहे. भूजलाचा कायदा २००९ मध्ये संमत झाला. साठ मीटरपेक्षा खोल बोअरवर मर्यादा घालणारा हा कायदा कागदावर कडक आहे. शिवारात बोअरच्या गाड्या रात्री फिरतात. आता सौरपंप आले आहेत. कोळशाची वीज वाचवून ते हवामानबदल रोखायला हातभार लावतात, शेतकऱ्याला दिवसा पाणी देतात. रात्री साप-विंचवाच्या भीतीत मोटार चालू करायला जाणाऱ्याला त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. मात्र एकदा बसवल्यावर सौरपंपाचे पाणी फुकट असते, म्हणून उपसा थांबवण्याचे कोणतेच कारण उरत नाही.

हा सगळा इतिहास टंचाईच्या धाकात घडलेला आहे. अतिपाण्यासाठीची तयारी तुलनेने फारच तोकडी आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पडला आणि त्याच दिवसांत चिपळूण बुडाले, तळीयेवर दरड कोसळली. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखलेल्या असतात: पहिली पंचवीस वर्षांतून एकदा, दुसरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्ही मागच्या नोंदींवर आधारलेल्या आहेत, आणि पाऊस बदलला की पंचवीस वर्षांचा पूर दहा वर्षांत येऊ शकतो. कोल्हापूर-सांगलीत तर २०१९ नंतर दोनच वर्षांत पुन्हा महापूर आला. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१९ च्या पुराचा अभ्यास केला. त्या चर्चेत जुना आणि नवा असे दोन्ही प्रश्न एका ठिकाणी येऊन मिळाले. धरण ऑगस्टअखेर भरलेले हवे, कारण पुढे पाऊस थांबेल ही भीती असते. पुराच्या पाण्याला जागा हवी म्हणून ते ऑगस्टमध्ये काही प्रमाणात रिकामे ठेवणेही गरजेचे असते. कोयनेत किती जागा ठेवायची, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी केव्हा किती असावी, विसर्ग कोणत्या तासाला वाढवायचा, याचे वेळापत्रक दोन राज्यांच्या जलसंपदा खात्यांना दर पावसाळ्यात एकत्र बसून ठरवावे लागते. त्यावरच सांगलीच्या कोणत्या गल्लीत पाणी शिरेल आणि मे महिन्यात जतच्या कोणत्या गावाला टँकर लागेल, हे बऱ्याच अंशी ठरते.